पुस्तक धरणारी

आमच्या गावच्या नाटकात मी तीसहून जास्त वर्षं आहे आणि एकदाही स्टेजवर गेलेले नाही. पत्रिकेवर नाव येतं. सगळ्यात खाली, 'पडदे' आणि 'चहापान' यांच्या मधे, 'प्रॉम्प्टर' म्हणून, म्हणजे विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवणारी. एका वर्षी छापखान्याने त्याचं 'प्रमोटर' केलं. त्या वर्षी नाटकाचा खर्च मीच उचललाय असं समजून देवळात दोघांनी मला वाकून नमस्कार केला होता.

गाव फोंडा तालुक्यात, जुन्यांच्या तोंडी अंत्रुज महालात. हा मुलूख देवळांचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपल्या ताब्यातल्या गावांतली देवळं पाडायला घेतली, तेव्हा लोक देव उचलून नदीपलीकडे, त्यांची सत्ता नव्हती तिथे आले. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये असाच आला. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. देवांमागून पुजारी, वाजंत्री, कलावंत आले आणि उत्सवही आले. आमच्याकडे वर्षभर कुठे ना कुठे पालखी असतेच, आणि पालखी असली की रात्री नाटक. गावच्याच लोकांनी, बिदागी न घेता, उलट पदरचे घालून केलेलं. अभ्यासक याला 'उत्सवी रंगभूमी' म्हणतात. गावात असं कोणी म्हणत नाही. गावात विचारतात, 'औंदा नाटक खंयचें?' यंदा नाटक कुठलं?

आमची जत्रा माघातली. काजू मोहरलेला असतो आणि पहाटे शाल लागते. पहिल्या रात्री कीर्तन, दुसऱ्या रात्री वरच्या वाड्याचं नाटक, तिसऱ्या रात्री खालच्या वाड्याचं. आम्ही खालच्या वाड्याचे. वरच्या वाड्याचं नाटक बघायला आम्ही सगळे जातो, पुढच्या रांगेत बसतो आणि एकदाही टाळी वाजवत नाही. तेही आमच्या नाटकाला असंच करतात. ही परंपरा दोन्ही वाड्यांनी निष्ठेने पाळलेली आहे.

तालमी दिवाळीनंतर सुरू होतात. जेवणं आटोपली की रात्री नऊला एकेक जण बॅटरी घेऊन आमच्या ओसरीवर येतो. आधी पुस्तकावरून नकला उतरवायच्या, म्हणजे प्रत्येकाची वाक्यं वेगळ्या वहीत लिहायची, प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन शब्द टाकून. आमच्या घरात वडिलांच्या हातच्या अशा वह्यांची ट्रंक होती. अक्षर मोत्यासारखं, शाई निळी, पदांना लाल. वडील गावच्या शाळेत मास्तर. ते नाटकात पुस्तक धरत. 'प्रॉम्प्टिंग' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. 'पुस्तक धरपाचें', बस्स.

1984 मध्ये मी दहावीला होते. त्या वर्षी वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. विंगेतल्या अंधुक उजेडात त्यांना अक्षर दिसेना, आणि दुसऱ्या कोणाच्या हाती पुस्तक द्यायला ते तयार नव्हते. तोड अशी निघाली की मी त्यांच्याजवळ बसून त्यांच्या कानात वाक्य सांगायचं आणि ते त्यांनी स्टेजवर पुरवायचं. परीक्षा महिन्यावर आलेली, म्हणून आई चिडली होती. पहिला अंक कसाबसा निभावला. दुसऱ्या अंकात बलराम अडकला. मी वडिलांना सांगितलं, वडिलांना नीट ऐकू गेलं नाही, त्यांनी मला विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तोवर बलरामाने तीन वेळा गदा खांद्यावरून खांद्यावर घेतली होती. शेवटी मी थेट त्याच्याकडे बघून दोन शब्द टाकले आणि त्याची गाडी सुटली. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मग आपला स्टूल हाताने चाचपत मागे सरकवला, आणि मला पुढे यायला जागा करून दिली.

नाटक अर्थातच 'सौभद्र'. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 मध्ये रंगभूमीवर आणलेलं हे नाटक आमच्या भागात इतकं मुरलंय की गवंडीकाम करणारा माणूसही परांची बांधता बांधता कृष्णाचं पद गुणगुणतो. पुस्तक धरणाऱ्याला 'सौभद्र' सोपं, असं वाटेल. उलट आहे. सगळ्यांना पाठ असल्यामुळे नट चुकला की प्रेक्षकच पुढचं वाक्य सांगतात, आणि प्रेक्षकांत तीन वेगवेगळे पाठ असतात.

पुस्तक धरणं म्हणजे वाचून दाखवणं नव्हे, हे समजायला मला चार-पाच नाटकं लागली. सगळं वाक्य कधी द्यायचं नाही. पहिले दोन शब्द, तेही नटाचा श्वास अर्धा आत गेलेला असताना. उशीर झाला तर लोकांना कळतं, लवकर दिलं तर नट गोंधळतो. शिवाय प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आमचे वायरमनकाका बलराम करत. त्यांना पहिला शब्द दिला की पुढचं पानभर तोंडपाठ यायचं, पण तो पहिला शब्द त्यांना आयुष्यभर कधी आठवला नाही. सोसायटीतले मॅनेजर नाना दर भावनेच्या जागी मोठा विराम घेत. मी नवखी, मला वाटलं विसरले. शब्द दिला. अंक पडल्यावर ते अंगावर आले: 'मी तिथे थांबलो होतो! लोकांना बांधून ठेवलं होतं!' दुसऱ्या वर्षी ते थांबले तेव्हा मी तोंडाला कुलूप लावलं. लोक बांधले गेले. नानाही बांधले गेले. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे कारुण्य होतं ते त्यांच्या भूमिकेत पुढे कधी आलं नाही.

आमच्या नाटकाचा अभिनय चांगला असतो का? बऱ्याच वेळा नसतो. पदं मात्र चांगली असतात, कारण घरटी एक पेटी आणि दोन घरांमागे एक तबला आहे. बाळ जन्माला आलं की भजनात नेऊन बसवतात. मंगेशीला 1900 मध्ये दीनानाथ मंगेशकर जन्मले आणि 1929 मध्ये तिथेच जितेंद्र अभिषेकी. अशा मातीत बेसूर राहायला मेहनत लागते. पण गद्य? गद्यात हात कुठे ठेवायचे हा प्रश्न आमच्या नटांना चार पिढ्या सुटलेला नाही.

तरी लोक पहाटेपर्यंत बसायचे. का बसायचे हे मला विंगेतून उमगलं नाही, म्हापशाला लग्न होऊन गेल्यावर उमगलं. तिथे स्पर्धेतली नाटकं बघू लागले. नेटकी, घोटलेली, प्रकाशाचा एकेक ठिपका मोजून टाकलेला. मला ती आवडत. पण तिथे अर्जुन म्हणजे अर्जुन. आमच्या अर्जुनात कदंब बसचा कंडक्टर दिसायचा, आणि तो दिसावा अशीच सगळ्यांची इच्छा असायची. सुभद्रेसाठी संन्यासी होऊन तो भगव्या वेशात आला, समोर यादवांची गर्दी एन्ट्रीलाच अडकून राहिली, आणि मागून कोणीतरी ओरडलं, 'फाटीं वचात, फाटीं जागो आसा!' मागे चला, मागे जागा आहे. मांडव कोसळायचा बाकी राहिला. त्यात कमाल अर्जुनाची. तो हसला नाही. त्याने शांतपणे दंड उचलून गर्दीला मागे सरकण्याची खूण केली, अगदी यतीच्या गांभीर्याने, आणि यादव सरकले. क्षणभर कंडक्टर आणि संन्यासी एकाच अंगात उभे होते. स्पर्धेत याला गुण नाहीत.

घटोत्कच करणारा मुलगा शेजारच्या आळीतला, आडदांड. त्याला झोपलेल्या सुभद्रेला उचलून न्यायचं असायचं. तालमीत तो तांदळाचं पोतं उचलायचा, कारण सुभद्रा तालमीला नसायचीच.

सुभद्रा बाहेरून यायची. आमच्याकडे पुरुष गावचे आणि बायका बाहेरच्या, हा नियम. मानधन घेणारी, ठरवून आणलेली नटी नाटकाच्या आदल्या दिवशी बसने यायची, एक रंगीत तालीम करायची, दुसऱ्या रात्री उभी राहायची आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या गावच्या उत्सवाला निघून जायची. तिला त्या हंगामात आठ नाटकांच्या नायिका पाठ असायच्या. गावात ती आमच्या घरी उतरे, मास्तरांचं घर म्हणून. माझ्या लहानपणी बरीच वर्षं एकच बाई येत. कोल्हापूरकडच्या. आल्या आल्या त्या आईला म्हणायच्या, 'वहिनी, आधी मला गरम पाणी द्या, मग तुमचे नट दाखवा.' सहा फुटी अर्जुन त्यांच्यापुढे शाळकरी पोरासारखा उभा राहायचा. त्या त्याच्याकडे न बघता, केस विंचरत, त्याचीही वाक्यं म्हणायच्या आणि आपलीही. प्रयोगात तो चुकला तर पुस्तक धरणाऱ्याची गरजच लागत नसे. त्या आपल्या वाक्यात त्याचं वाक्य असं काही विणायच्या की लोकांना वाटावं, लिहिलंच असं आहे. मी तेरा-चौदा वर्षांची, त्यांच्या ट्रंकेजवळ बसून राहायची. एकदा मी म्हटलं, 'बाई, मला पण सुभद्रेचं सगळं येतं.' त्या म्हणाल्या, 'म्हण बघू.' मी म्हटलं, एक अख्खा प्रवेश. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या हनुवटीला हात लावला, आणि आईकडे बघितलं. आईने चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. विषय तिथेच संपला.

या नियमामागे काय होतं ते गावात कोणी तोंडाने बोलत नसे, म्हणून मी लिहिते. आमच्या देवळांत पिढ्यान्‌पिढ्या गायल्या-नाचल्या त्या कलावंत घराण्यांतल्या बायका. केसरबाई केरकर 1892 मध्ये याच तालुक्यातल्या केरीला जन्मल्या. मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. ते गाव पुढे साळावलीच्या धरणात बुडालं आणि आता उन्हाळ्यात पाणी उतरलं की तेवढं वर येतं. या बायकांच्या गाण्याने गोव्याचं नाव देशभर झालं, आणि गावाने त्यांना ऐकलं ते उंबऱ्याबाहेर ठेवून. 'बाई स्टेजवर' म्हटलं की आमच्या महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांच्या, डोळ्यांपुढे तेच यायचं. ज्या पदाला ते 'वन्स मोअर' द्यायचे ते आपल्या मुलीच्या तोंडून त्यांना नको होतं. माझ्या वडिलांनाही नको होतं. त्यांनी मला विंगेतली जागा दिली, आणि तीच मोठी गोष्ट होती असं मी कितीतरी वर्षं मानलं. अजूनही थोडं मानते. थोडं नाही.

भाषेचंही सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना हे कोडं वाटतं. आम्ही घरी कोंकणी बोलतो. तालमीतली भांडणं कोंकणीत, चहा कोंकणीत, प्रेक्षकांचे शेरे कोंकणीत. पडदा उघडला की मराठी. माझी आजी शाळेत कधी गेली नव्हती. तिची फुगडी कोंकणी आणि अभंग मराठी, आणि या दोन वेगळ्या भाषा आहेत हे तिला 1985-86 मध्ये, राजभाषेचं आंदोलन पेटल्यावर कळलं. त्या दिवसांत गावात भाऊ भावाशी बोलेनासा झाला. आमच्या मंडळातही कोणीतरी मुद्दा काढला की यंदा कोंकणी नाटक करू. चार रात्री तालमी झाल्याच नाहीत, नुसते वाद. शेवटी त्या वर्षी मराठी नाटक झालं आणि कोंकणीवाले सहाजण निघून गेले. त्यांनी रामनवमीला आपलं वेगळं नाटक केलं. 1987 मध्ये कायदा झाला, कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली, वाद निवले. पण त्या सहांतले दोघं परत कधी आमच्या ओसरीवर चढले नाहीत. त्यातला एक फार चांगला ऑर्गन वाजवायचा.

गंमत म्हणजे संकटात सगळ्यांची मराठी गळून पडते. एका ऐतिहासिक नाटकात क्रूर सरदाराची मिशी डायलॉगच्या ऐन भरात सुटून ओठावर लोंबू लागली, आणि 'कोण आहे रे तिकडे' म्हणणाऱ्या त्या सरदाराच्या तोंडून निघालं, 'अगे आवय!' मी विंगेतून पुढचं वाक्य देत राहिले. ऐकतोय कोण?

लायटिंग करायचा तो आमच्या पाड्यावरचा किरिस्तांव शेजारी. तियात्राचा, म्हणजे कोंकणी गाण्या-नाटकाचा माणूस. तियात्रात दोन पडद्यांमधे कांतारं, म्हणजे गाणी असतात, लोक खळखळून हसतात, गोष्ट पुढे जाते. त्याने वीस वर्षं आमची संगीत नाटकं उजळली आणि वीस वर्षं त्याची एकच तक्रार होती: तुमच्याकडे माणूस बोलता बोलता गायला का लागतो? रागावलेला माणूस गाईल कसा? मी त्याला कधी समाधानकारक उत्तर देऊ शकले नाही. पण नांदी सुरू झाली की सिगारेट विझवून तो उभा राहायचा. का, ते मी विचारलं नाही.

नारळ वाढवून, देवाला गाऱ्हाणं घालून पडदा उघडायला पूर्वी रात्रीचे साडेअकरा-बारा वाजत. त्याआधी पालखी, पालखीनंतर पावणी, म्हणजे देवाला आलेल्या वस्तूंचा लिलाव. एका नारळावर दोन भाऊ हट्टाने बोली चढवत बसले की नाटक तासभर पुढे जायचं. त्या अवधीत आम्ही मेकअप करून, गमने दाढ्या चिकटवून घाम गाळत बसलेले. बाहेर फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, खाजं, चणे, अबोलीचे वळेसर. पाच अंक संपून बाहेर येईपर्यंत उजाडलेलं असे. पोरं बापाच्या मांडीवर आडवी झालेली, आणि दव पडून चटया भिजलेल्या.

आता ते नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 मध्ये आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस सगळ्या गावांच्या सगळ्या जत्रांना पुरणार कसे? नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पलीकडच्या डोंगरावर लग्नाचे डीजे रात्री दोनपर्यंत वाजत तेव्हा मीही शिव्या घातल्यात. पण त्याने नाटकाचा कणा मोडला. पालखी लवकर काढावी तर भटजी तयार नाहीत, नाटक उशिरा सुरू करावं तर पोलीस. मग नाटकच कापायचं. पाच अंकांचे दोन केले. पदांची एकेक कडवी उरली. कात्री माझ्याच हातात आली, कारण पुस्तक माझ्याकडे. वडिलांच्या लाल शाईवर मी पेन्सिलने काट मारत बसले तेव्हा ते जाऊन सहा वर्षं झाली होती. एका वर्षी माईकशिवाय करून बघितलं. जुने नट खूश झाले, त्यांचा आवाज शेवटच्या माडापर्यंत जायचा. नव्या पोरांचा पहिल्या रांगेपर्यंतही जाईना. पुढच्या वर्षी माईक परत आला.

आणि मुली आल्या. कशा आल्या, कोणी ठराव केला का? नाही. बाहेरच्या नटीचं मानधन परवडेना, एवढंच कारण. तत्त्वाने जे झालं नाही ते वर्गणी कमी पडल्याने झालं. पहिल्यांदा उभी राहिली ती माझ्या भावाची मुलगी, फोंड्याला कॉलेजात जाणारी. ज्या काकांनी आयुष्यभर विरोध केला ते म्हणाले, 'आपलीच आहे, तिला काय द्यायचंय.' म्हणजे पैसे.

तालमी व्हिडिओ कॉलवर पाहिल्या. ती मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकत बसायची. नक्कल उतरवून देते म्हटलं तर म्हणाली, 'आते, पीडीएफ आहे.' प्रयोगाच्या रात्री मी नेहमीसारखी विंगेत जाऊन बसले. स्टूल तोच. पहिल्या प्रवेशात तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्यातही नाही. तिच्यासमोरच्या पोरानेही नाही. मी पानं उलटत होते आणि माझी कोणाला गरज नव्हती. अर्ध्या तासाने मी पुस्तक स्टूलवर ठेवलं, मागच्या दाराने बाहेर पडले, मांडवाला वळसा घालून समोर आले आणि पहिल्यांदा आमचं नाटक समोरून बघायला उभी राहिले.

बायकांच्या बाजूला चटईवर शेजारची आबोली आजी बसली होती. आम्ही तिला हेच म्हणतो, केसांत कायम अबोली म्हणून. नव्वदीला टेकलेली, पाय पसरून. तिने मला ओढून खाली बसवलं. स्टेजवर भावाची मुलगी पद म्हणत होती. चांगलं म्हणत होती, दुसऱ्या सप्तकात जरा घाई करत. मी तिच्याकडे बघत होते, पण नजर सारखी उजवीकडे जाई. तिथे विंगेची फट होती. चांगली हातभर. माझं रिकामं स्टूल दिसत होतं, त्यावरचं पुस्तक दिसत होतं, बॅटरी जळती राहिली होती तीही.

'इतकं दिसतं इथून?' मी म्हटलं.

'सदांच दिसता,' आजी म्हणाली. 'तूं बसतालें तें दिसतालें. तोंड हालयतालें. अर्जुनाचें, कृष्णाचें, सुभद्रेचें, सगळ्यांचें.' मग पदाकडे कान देत थांबली. 'आमी बायलो तुकाच पळयताल्यो गो.'

बायका मलाच बघत होत्या. मी काहीच बोलले नाही. पदाला 'वन्स मोअर' मिळाला. मुलीने पुन्हा सुरू केलं, आणि आजीने माझ्या गुडघ्यावर ताल धरला.